दप्तरी दाखल झालेल्या अर्जांचं काय?

पोलिसांनी सांगितलेल्या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्यात. पहिली जानेवारी २००३ ची. घाटकोपरच्या बसस्फोटात पकडलेला ख्वाजा युनूस हा परभणीचा इंजिनिअर तरुण. त्याला तपासासाठी औरंगाबादकडे नेत असताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला, अशी फिर्याद पोलिसांनी नोंदवली. दुसरी नोव्हेंबर २०१७ ची. सांगली शहर पोलीस ठाण्यात लूटमारीच्या गुन्ह्यात आणलेले दोन संशयित पळून गेले, असं पोलिसांनीच सांगितलं. सांगलीची कथा काही दिवसांतच कोसळली. दोघांपैकी एकाचा कोठडीतल्या मारहाणीत जीव गेला होता आणि त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला होता, हे बाहेर आलं आणि उपनिरीक्षकासह पोलीसच अटकेत गेले. युनूसच्या प्रकरणात मृतदेह कधी सापडलाच नाही. सीआयडीनं तपास करून पलायनाचा बनाव रचल्याचा ठपका ठेवला, चौदा पोलिसांची नावं घेतली. सरकारनं खटल्याला मंजुरी दिली ती चौघांपुरती. दोन दशकं उलटली तरी तो खटला रेंगाळलेलाच आहे. मधल्या काळात, २०२० साली, त्या चौघांपैकी सचिन वाझे यांना पुन्हा सेवेतही घेतलं गेलं. पुढच्याच वर्षी त्यांना एनआयएनं दुसऱ्याच प्रकरणात अटक केली, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

जवळपास पंधरा वर्षांच्या अंतरानं दोन वेगळ्या ठिकाणच्या पोलिसांना एकच कथा सुचली, ती का? कारण ती कथा लिहायचा अधिकार त्यांचाच होता. घटनेची पहिली नोंद, स्टेशन डायरी, पहिला पंचनामा, पहिले जबाब, सगळं ज्याच्यावर संशय घ्यायचा त्याच्याच हातात. नंतर येणारा दंडाधिकारी असो, सीआयडी असो की उच्च न्यायालय, त्या पहिल्या पानाशी भांडतच त्यांना पुढे जावं लागतं. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींचा स्वतंत्र आढावा हवा असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर निवृत्त न्यायमूर्ती, मोठं दालन आणि जाडजूड अहवाल येतो. मला वाटतं, आपण चुकीच्या टोकाकडे बघतोय. प्रश्न वरच्या खुर्चीचा कमी आणि खालच्या टेबलाचा जास्त आहे.

कोठडीतला मृत्यू हे टोक झालं. रोजच्या तक्रारी त्याहून फार साध्या असतात. मोबाइल चोरीला गेला, तर ‘हरवला’ असं लिहून घेतलं. मारहाण झाली, तर गुन्ह्याऐवजी एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, फाडून दिली. जमिनीच्या दिवाणी भांडणात ठाण्यात बोलावून ‘मिटवून टाका’ म्हणून रात्री उशिरापर्यंत बाकावर बसवून ठेवलं. नाकाबंदीत शिवीगाळ केली, कानाखाली मारली. ‘सीआर नंबर’, म्हणजे गुन्हा नोंदणी क्रमांक, द्या म्हटलं की साहेब बंदोबस्ताला गेलेले असतात. यातला माणूस सहसा उच्च न्यायालयात जात नाही. तो फार तर अर्ज करतो. आणि या अर्जाचं पुढे काय होतं, हे कुणी फारसं लिहीत नाही.

वकिलीच्या निमित्तानं असे अर्ज आणि त्यांची उत्तरं मी बरीच वाचली आहेत. एक फाईल सांगतो. गाव, ठाणं, नाव सांगत नाही, कारण ती कुठल्याही तालुक्यात चपखल बसेल. एक टेम्पोचालक. त्याच्या टेम्पोचा एका कारला ओरखडा गेला, कारवाल्याची ठाण्यात ओळख होती. टेम्पोचालकाला रात्रभर बसवून ठेवलं, हवालदारानं मारलं, मोबाइल ठेवून घेतला. ग्रामीण रुग्णालयातला कानाच्या दुखापतीचा कागद जोडून त्यानं पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली. अधीक्षक कार्यालयानं अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे पाठवला: ‘चौकशी करून अहवाल सादर करावा.’ तिथून तो त्याच शेऱ्यासह त्याच ठाण्याच्या पोलीस निरीक्षकाकडे आला आणि निरीक्षकानं तो ठाण्यातल्याच एका सहायक निरीक्षकाकडे दिला. टेम्पोचालकाला जबाबाला बोलावलं ते त्याच इमारतीत. जबाब टाइप करणाऱ्या शिपायाला खुर्ची ओढून दिली ती ज्याच्याविरुद्ध अर्ज होता त्या हवालदारानं. जबाबाची सुरुवात नेहमीची, ‘समक्ष हजर राहून विचारल्यावरून लिहून देतो की’, आणि शेवटही नेहमीचाच: ‘सदरचा अर्ज मी गैरसमजातून केला होता. माझी आता कोणाविरुद्ध काहीएक तक्रार नाही. माझा वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे.’ खाली सही. सीसीटीव्हीबद्दल अहवालात एकच ओळ होती, त्या तारखेला यंत्रणेत तांत्रिक बिघाड होता अशी. काही महिन्यांनी पत्र आलं: ‘चौकशीअंती अर्जात तथ्य आढळून न आल्याने अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे.’ म्हणजे फाईल बंद.

या सगळ्यात कुणी फार मोठं कारस्थान केलं असं मला वाटत नाही, आणि तेच जास्त वाईट आहे. त्या सहायक निरीक्षकाला उद्या गणपतीच्या बंदोबस्तात हाच हवालदार लागणार आहे. परवा रात्री दोन वाजता दंगलीचा फोन आला तर गाडीत शेजारी तोच बसणार आहे. त्याच्याविरुद्ध कसुरी अहवाल पाठवून ठाण्यात नांदायचं कसं? शिवाय हवालदाराला मारायला कुणी सांगितलं, कारवाल्याचा फोन आधी कुणाला आला होता, हे विचारत गेलं तर दोरी वर जाते. ती कुठपर्यंत जाईल याचा अंदाज त्या अधिकाऱ्याला आपल्यापेक्षा चांगला असतो. तेव्हा अर्जदारालाच बोलावून समजूत घातलेली बरी. शेजाऱ्याच्या मुलाचा पेपर तपासायला दिला की मास्तर दोन गुण जास्तच देतो. तो वाईट असतो म्हणून नव्हे, रोज तोंड दाखवायचं असतं म्हणून.

हे कळायला काही नवी समिती नको होती. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय पोलीस आयोगानं १९७९ च्या पहिल्याच अहवालात पोलिसांविरुद्धच्या तक्रारी हा विषय घेतला होता. कोठडीतला मृत्यू, बलात्कार, गंभीर दुखापत अशा प्रकरणांत न्यायिक चौकशी सक्तीची असावी आणि जिल्ह्याजिल्ह्यांत न्यायाधीशाच्या हाताखाली चौकशीची व्यवस्था असावी, असं तो सांगत होता. त्याच सुमारास मथुरा नावाच्या मुलीवर देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराचं प्रकरण देशभर गाजत होतं. आज तो भाग गडचिरोली जिल्ह्यात येतो. सर्वोच्च न्यायालयानं दोन पोलिसांना निर्दोष सोडलं, कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. म्हणजे देशाचा कायदा बदलायला लावणारी घटना महाराष्ट्रातल्या एका पोलीस ठाण्यात घडली. पोलिसांची चौकशी कुणी करायची हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

मग उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह सर्वोच्च न्यायालयात गेले, १९९६ साली. निकाल लागला २२ सप्टेंबर २००६ रोजी. सात निर्देश, त्यातला सहावा पोलीस तक्रार प्राधिकरणाचा. प्रत्येक जिल्ह्यात एक, उपअधीक्षक दर्जापर्यंतच्या पोलिसांसाठी. राज्यात एक, अधीक्षक आणि वरच्यांसाठी. जिल्ह्यात निवृत्त जिल्हा न्यायाधीश, राज्यात निवृत्त न्यायमूर्ती. आणि महत्त्वाचं म्हणजे, त्यांची शिफारस संबंधित अधिकाऱ्यांवर बंधनकारक. अंमलबजावणीला मुदत दिली त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत. राज्यांनी काय केलं हे पाहायला न्यायालयानं २००८ साली न्यायमूर्ती थॉमस समिती नेमली, तिनं दोन वर्षांनी राज्यांच्या अनास्थेबद्दल हताश होऊन अहवाल दिला. प्रकाश सिंहांसारख्या ज्या माणसानं आयुष्य खाकीत काढलं त्यालाच खाकीवर बाहेरची नजर असावी असं वाटलं, हे पोलिसांच्या मनोबलाच्या नावानं गळा काढणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

महाराष्ट्रानं २०१४ साली महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून राज्य आणि विभागीय पोलीस तक्रार प्राधिकरणं कायद्यात आणली. प्रत्यक्ष कामाला लागायला आणखी काही वर्षं गेली. कायदा वाचला तर कागदावर बरंच चांगलं आहे, हे कबूल करायला हवं. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न, नियम डावलून केलेली अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणं, अधिकाराचा गंभीर गैरवापर, या सगळ्यांची चौकशी प्राधिकरण तक्रारीवरून किंवा आपणहून करू शकतं. दखलपात्र गुन्हा दिसला तर त्याचा अहवाल पोलीस ठाण्यात गुन्हा म्हणून नोंदवायची तरतूद आहे. इतर बऱ्याच राज्यांच्या मानानं हे पुढचं पाऊल होतं.

पण तीन ठिकाणी कात्री चालली. न्यायालयानं सांगितलेला ‘जिल्हा’ आपल्याकडे ‘विभाग’ झाला. सिरोंच्याच्या माणसानं नागपूर गाठायचं म्हणजे आख्खा दिवस प्रवासात. सावंतवाडीच्या माणसाला कोकण विभागाचं ठिकाण जवळपास पाचशे किलोमीटरवर. टेम्पोचालकाची एका खेपेला दोन दिवसांची मजुरी बुडते, आणि अशा खेपा किती पडतात हे कुणालाच ठरवता येत नाही. दुसरं, न्यायालय म्हणालं होतं शिफारस बंधनकारक, आपल्या कायद्यानं सरकारला अपवादात्मक परिस्थितीत कारणं नोंदवून अहवाल फेटाळायची सोय ठेवली. ‘अपवादात्मक’ हा शब्द सरकारी दप्तरात किती ताणला जातो हे मराठी वाचकाला सांगायला नको. तिसरी गोष्ट सर्वात कमी चर्चेची आणि माझ्या मते सर्वात मोठी: अध्यक्षस्थानी न्यायमूर्ती बसवले, पण त्यांच्यासाठी घटनास्थळी जाऊन कागद ताब्यात घेणारी, जबाब नोंदवणारी, पोलिसांच्या आस्थापनेशी काहीच देणंघेणं नसलेली तपासयंत्रणा उभी केली नाही. न्यायमूर्ती कितीही सरळ असले तरी त्यांच्यापुढे येणारा कागद जर त्याच ठाण्यातून, त्याच शिपायाच्या कीबोर्डवरून येत असेल, तर ते कशाचा आढावा घेणार? पुन्हा त्या पहिल्या पानाचाच.

प्राधिकरणाच्या बाहेर जायचं म्हटलं तरी वाट सोपी नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ पाहा. पोलिसानं कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल खटला भरायचा तर मुदत सहा महिन्यांची, त्यापुढे दोन वर्षांपर्यंत जायचं तर सरकारची मंजुरी घेऊन. हे ब्रिटिश वळणाचं कलम आहे. आता अर्जाचा प्रवास आठवा: अधीक्षक, उपविभाग, ठाणं, जबाब, अहवाल, पत्र. ‘आधी वरिष्ठांकडे दाद मागा’ हा सल्ला सगळेच देतात, मीही देतो. पण वरिष्ठांच्या उत्तराची वाट पाहता पाहता सहा महिने सहज निघून जातात. घड्याळ मात्र घटनेच्या दिवशीच सुरू झालेलं असतं. त्यात २०२४ च्या १ जुलैपासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं कलम १७५(४) आणलं. लोकसेवकाविरुद्ध कर्तव्याच्या ओघातल्या कृत्याबद्दल तक्रार आली, तर तपासाचा आदेश देण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यानं त्याच्या वरिष्ठाकडून अहवाल मागवायचा आणि लोकसेवकाचं म्हणणं लक्षात घ्यायचं. म्हणजे न्यायालयाच्या दारात गेल्यावरही आधी विचारणा साहेबांकडेच. ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली घटनापीठानं दखलपात्र गुन्ह्याची नोंद सक्तीची आहे असं निक्षून सांगितलं, पण ती सक्ती मोडणाऱ्याला जाब विचारायचा रस्ता पुन्हा वळून ठाण्याकडेच येतो.

अर्जाच्या चौकशीत काय लिहिलं हे तरी पाहता येईल का? माहिती अधिकारात मागा. बहुतेक वेळा उत्तर येतं, ही माहिती वैयक्तिक स्वरूपाची आहे. सरकारी कर्मचाऱ्यावरची शिस्तभंगाची कारवाई, ज्ञापनं (मेमो), शिक्षा ही मालक आणि नोकर यांच्यातली बाब, ती वैयक्तिक माहिती, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या गिरीश देशपांडे प्रकरणात म्हटलं आणि तेव्हापासून राज्यभरच्या माहिती अधिकाऱ्यांना एक तयार शिक्काच मिळाला. ज्याच्या कानाला इजा झाली त्याला, मारणाऱ्याची वेतनवाढ रोखली की त्याला नुसती समज देऊन सोडलं, हे कळायचा हक्क नाही. लोक म्हणतात, पोलिसांचं काही होत नाही. कधीकधी होतंही. पण झालेलं कळत नसेल तर न झाल्यासारखंच.

कुणी म्हणेल, न्यायालयं आहेत की. आहेत, आणि अलीकडे त्यांनी जे केलं ते कौतुकाचंच आहे. बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणातल्या आरोपीचा सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मृत्यू झाला. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांच्या म्हणण्यावर शंका घेतली गेली आणि उच्च न्यायालयानं गुन्हा नोंदवून विशेष पथकाकडून तपास करायला सांगितलं. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर झालेल्या धरपकडीत पकडलेल्या सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. तिथेही दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीनं पोलिसांकडे बोट दाखवलं, औरंगाबाद खंडपीठानं जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवायला सांगितलं. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे ते हरलं. ख्वाजा युनूसही परभणीचाच. परभणीशी जोडलेल्या या दोन्ही प्रकरणांत मुलासाठी आईनंच न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्यात, आणि दोघींना समोर सरकारच उभं दिसावं.

दोन्ही ताज्या प्रकरणांत गाडी कुठे वळली ते पाहा. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानं करायची, हे कायद्यानं सक्तीचं केलेलं आहे. पोलिसांच्या आस्थापनेबाहेरचा एक माणूस कायद्यानं त्या खोलीत शिरला, त्यानं स्वतः साक्षी घेतल्या, आणि पहिलं पान दुसऱ्या हाताने लिहिलं गेलं. न्यायालयाला मग त्यावर उभं राहता आलं. हे बळ मृत्यूला आहे. कानाच्या पडद्याला नाही, रात्रभर बसवलेल्या माणसाला नाही, एनसीवर बोळवण झालेल्या बाईला नाही. बदलापूरच्याच प्रकरणात सुरुवातीला पालकांना गुन्हा नोंदवायला तासन्‌तास ताटकळावं लागलं, लोक रेल्वे रुळांवर उतरले, मग अधिकारी निलंबित झाले. रुळांवर उतरणं हा तक्रार निवारणाचा मार्ग असू शकत नाही, पण तो लागू पडतो हे लोकांनी पाहिलं आहे.

आता पोलिसांची बाजू, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. सराईत गुन्हेगार अटक टाळायला अधिकाऱ्याविरुद्ध खोटे अर्ज टाकतात, हे खरं आहे. वाळूवाले, जुगारअड्डेवाले, त्यांचे ठरलेले अर्जवाले असतात, निरीक्षकाची बदली करायची असली की अर्जांचा पाऊस पडतो. प्रत्येक अर्जाला बाहेरचा तपास अधिकारी लावला तर ठाण्यातला माणूस कागदच काळे करत बसेल. शिवाय बारा-बारा तासांची ड्यूटी, सणावाराला रद्द होणारी साप्ताहिक सुटी, गळकी क्वार्टर्स, यांत पिचलेल्या शिपायाला आणखी एक साहेब कशाला? हा आक्षेप मला शिपायांकडून ऐकायला मिळाला तेव्हा मी गप्प बसलो होतो.

पण त्याच शिपायाला विचारा, आजच्या व्यवस्थेत मरतो कोण? प्रकरण पेपरात आलं की संध्याकाळपर्यंत हवालदार निलंबित, निरीक्षक नियंत्रण कक्षाशी संलग्न, वरचे साहेब पत्रकार परिषदेत. तोंडी आदेश कुणी दिला होता हे कुठल्याही कागदावर नसतं. विभागीय चौकशी करणारा अधिकारी आदेश देणाऱ्याच्या हाताखालचाच असतो, तो वर कशाला बघेल? बाहेरचा चौकशी अधिकारी मात्र फोनच्या नोंदी मागवेल, डायरीतली वेळ आणि कॅमेऱ्यातली वेळ ताडून पाहील, आणि कधीतरी लिहील की शिपायानं केलं ते साहेबांच्या सांगण्यावरून केलं. खोट्या अर्जांचंही तसंच. पोलिसांनीच पोलिसांना दिलेली क्लीन चिट बाहेर कुणी मानत नाही. खोटा अर्ज खोटा आहे हे बाहेरच्यानं लिहिलं तरच तो डाग धुतला जातो.

इंग्लंडचं उदाहरण यात उपयोगी आहे, कारण ते बराच काळ चाचपडले. तिथे आधी पोलीस तक्रारींचं मंडळ होतं, मग १९८५ साली प्राधिकरण आलं. ते प्राधिकरण देखरेख करायचं, तपास पोलीसच करायचे. लोकांचा विश्वास बसला नाही. २००४ साली स्वतःचे तपासनीस असलेला आयोग आला, २०१८ साली त्याचीही फेररचना झाली. बिगुल वाजवण्यासारखं यश तिथेही नाही. उत्तर आयर्लंडनं मात्र २००० साली एका झटक्यात ठरवलं: पोलिसांविरुद्धची जनतेची तक्रार थेट लोकपालाच्या कार्यालयात जाईल, तपास त्याचे लोक करतील. जिथे पोलिसांवर एका समाजाचा काडीचा विश्वास नव्हता तिथे हे झालं. आपल्याला यातली जी गोष्ट उचलता येईल असं मला वाटतं ती लहान आहे. इंग्लंडात २०२० पासून तक्रारदाराला फेरआढाव्याचा हक्क मिळाला. पोलिसांनी तक्रार निकाली काढली आणि ती पटली नाही, तर निकालाची फाईल पोलिसांच्या बाहेरच्या माणसापुढे ठेवता येते.

आपल्याकडे नेमकं हेच नाही. सगळ्या तक्रारींचा तपास बाहेरून करणं आज झेपणार नाही, हे मान्य. पण दप्तरी दाखल झालेल्या अर्जांचा आढावा झेपेल. अर्ज निकाली काढल्याच्या पत्रातच खाली दोन ओळी असाव्यात: हा निकाल मान्य नसेल तर अमुक दिवसांत जिल्ह्याच्या फेरआढावा अधिकाऱ्याकडे जा, फी नाही, वकील नको. हा अधिकारी जिल्हा न्यायालयाच्या आवारात बसावा, निवृत्त न्यायिक अधिकारी असावा, त्याचे दोन-तीन चौकशी कर्मचारी पोलिसांकडून प्रतिनियुक्तीवर आलेले नसावेत. त्यानं पूर्ण फाईल मागवावी आणि अर्जदाराचा जबाब नव्यानं घ्यावा, ठाण्याबाहेर. टेम्पोचालकाला ‘गैरसमजातून अर्ज केला’ हे वाक्य तुझं का, एवढं एकट्यात विचारलं असतं तरी अर्धं काम झालं असतं.

अर्जदार आला नाही तरीही काही फाईली उघडाव्यात. दर तिमाहीला प्रत्येक ठाण्याच्या निकाली अर्जांतून चिठ्ठ्या टाकून थोड्या काढाव्यात आणि वाचाव्यात. हिशेब तपासनीस करतात तसं. कुठली फाईल उघडली जाईल हे माहीत नसलं की सगळ्याच फाईली जरा नीट लिहिल्या जातात. एका ठाण्यात वर्षभर एकाही अर्जात ‘तथ्य’ सापडत नाही आणि प्रत्येक जबाबाचा शेवट शब्दशः सारखा आहे, हे कुणीतरी सलग वाचल्याशिवाय दिसणार नाही. एकेका अर्जदाराला ते दिसूच शकत नाही, त्याच्याकडे एकच पत्र असतं.

कॅमेऱ्यांचा मुद्दा याला जोडूनच आहे. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंह सैनी प्रकरणात प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावायला सांगितलं. कोठडी, व्हरांडा, निरीक्षकाची खोली, प्रवेशद्वार सगळीकडे, आणि चित्रण अठरा महिने जपायचं. मुंबई उच्च न्यायालयानं तर त्याआधीच, २०१४ साली, वडाळा रेल्वे पोलीस ठाण्यातल्या एका तरुणाच्या मृत्यूच्या प्रकरणात ठाण्यांमध्ये कॅमेरे लावायला सांगितलं होतं. तरी सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बंद कॅमेऱ्यांच्या बातमीवरून आपणहून दखल घ्यावी लागली. कॅमेरा नेमका त्या रात्रीच का बिघडतो हा विनोदाचा विषय झाला आहे, पण त्यावर उपाय अगदी कारकुनी आहे. पोलिसांविरुद्ध अर्ज आवक झाला की त्याच दिवशी त्या तारखेचं चित्रण वेगळं काढून फेरआढावा अधिकाऱ्याकडे जमा करायचं, आणि चित्रण उपलब्ध नसेल तर बिघाडाची नोंद किती वाजता, कुणी केली आणि दुरुस्तीला कुणाला कळवलं, त्याचा कागद जोडायचा. बिघाड अर्ज आल्यानंतर लिहिला गेला असेल तर तो कागदच बोलेल.

यातल्या बऱ्याच गोष्टींना कायदा बदलावा लागत नाही. निकालपत्राचा नमुना, चित्रण जपण्याचं परिपत्रक, ज्या ठाण्याविरुद्ध अर्ज आहे त्या ठाण्याकडे तो चौकशीला पाठवू नये हा आदेश, हे गृह विभाग आणि पोलीस महासंचालक एका आठवड्यात करू शकतात. कलम १६१ ची मुदत अर्ज प्रलंबित असेपर्यंत थांबावी, आणि प्राधिकरणाचा अहवाल फेटाळला तर त्याची कारणं विधिमंडळापुढे ठेवावीत, यासाठी मात्र दुरुस्ती लागेल. ती सरकार आपणहून आणणार नाही, कोणत्याही पक्षाचं असो. गृहखातं ज्याच्याकडे असतं त्याला पोलिसांविरुद्धची प्रत्येक फाईल स्वतःविरुद्धची वाटते, आणि विरोधी बाकांवरचे लोकही पुढच्या खेपेला तेच खातं मागणार असतात. म्हणून सुरुवात परिपत्रकापासून करावी असं माझं मत आहे, आणि पहिली मागणी एवढीच: गेल्या तीन वर्षांत प्रत्येक ठाण्यात पोलिसांविरुद्ध किती अर्ज आले, किती दप्तरी दाखल झाले आणि त्यातले किती त्याच ठाण्याच्या अधिकाऱ्यानं चौकशी करून निकाली काढले, हे तीन आकडे ठाणेनिहाय जाहीर करावेत. यात कुणाचं नाव नाही, म्हणून ‘वैयक्तिक माहिती’चा शिक्का इथे चालणार नाही. आवक-जावक रजिस्टर प्रत्येक ठाण्यात आहेच. त्यातून बेरीज करायला एक कारकून पुरतो.